जाताना सांगून जा

सोलापूर
१८ जानेवारी १९७४

चि. मानसिंग,

पलटणीत सुखरूप पोचला असशील असं धरून चालते, कारण पोचल्याचं कार्ड टाकायची तुला सवय नाही.

तुझ्या दुसऱ्या लग्नाला मी आले नाही म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, आणि तू टाकलंस म्हणून मीही टाकलं. परवा गड्ड्याच्या जत्रेला आलास तरी तोच थाट. माझ्याच घरात बसून, शाळेसाठी माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या मथुरेला म्हणालास, "आत्याला सांग, च्या नको." मी चार हातांवर उभी होते. हट्टाच्या बाबतीत आपण भावंडं एकाच मातीची. पण आता अबोला परवडणार नाही, म्हणून मी मोडते. मी हरले असं मात्र समजू नकोस.

तू गेल्यावर काय झालं ते सांगते. तू मथुरेला पाळण्यात बसवलंस, म्हणालास, "बस, मी आलोच." मी बांगड्यांच्या दुकानाशी होते. पाळणा वर गेला तसा तू वळकटीचा होल्डॉल उचललास आणि स्टेशन गाठलंस. पोर रडू नये म्हणून ती खेळात गुंतली की गुपचूप निघायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात. आपले बाबाही करायचे. त्यात तुझं एकट्याचं नवल नाही. पण पाळणा उंच असतो रे, वरून सगळा गड्डा दिसतो. तुझा हिरवा होल्डॉल गर्दीतून स्टेशनच्या रस्त्याला लागलेला तिनं वरून पाहिला.

पाळणा थांबला तेव्हा तिला उभं राहता येईना. श्वास आत जाईना, छाती धरून बसली, बोटं वाकडी झाली, ओठ पांढरे पडले. माणसं जमली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगायला दिली. एक बाई म्हणाली, "अंगात आलंय, हळद लावा की." ज्ञानू टांगेवाला आपल्या गल्लीतला, त्यानं टांगा गर्दीत घातला आणि आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात, क्याज्वल्टीत नेलं. त्या दारात ती आणखीच बिथरली. का, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तो दिवस तिच्यापुढे काढायचा नाही अशी शपथ तू सगळ्यांना घातली आहेस. मी ती अजून पाळते आहे.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, हृदय चांगलं, छाती चांगली, काही झालेलं नाही. सुई टोचली आणि घरी पाठवलं.

पत्र मिळताच चार ओळी लिही. मला नको, तिला लिही.

तुझी अक्का,
गोजरबाई


सोलापूर
२१ फेब्रुवारी १९७४

मानसिंग,

तुझं कार्ड मिळालं. तिला लिही म्हटलं तर मलाच लिहिलंस, आणि लिहून लिहून काय लिहिलंस? "पोरगी वयात आली आहे, लग्न झाले की थांबेल. माढ्याकडे एक स्थळ बघितले आहे. दवाखान्याच्या खेपा बंद कर, गावापर्यंत बोभाटा झाला आहे." तू पाकीट न घेता उघडं कार्ड घेतलंस. पोस्टमननं ते मथुरेच्या हातात दिलं. आठवीत आहे ती, वाचता येतं तिला.

त्याच दिवशी दिवेलागणीला पुन्हा झालं. माझ्या खानावळीत गिरणी कामगारांची पंगत बसलेली, माझा हात भाकरीच्या पिठात. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. गेले तर ती भिंतीला पाठ लावून बसलेली, डोळे एवढे मोठे, आणि म्हणते, "आत्या, मी मरतीय." गिरणीतली माणसं बिचारी समजूतदार, त्यांनी आपापलं वाढून घेतलं. कुणीतरी तव्यावरची भाकरीही उलटली म्हणे.

क्याज्वल्टीतली आया, केराबाई नाव तिचं, आम्हाला बघून म्हणाली, "परत आणली का हिला? नाटकं करती ओ. दोन थोबाडीत द्या, नीट हुती."

मला कुठं गप्प बसवतं. मी म्हटलं, "नाटक करणाऱ्याला टाळ्या लागत्यात, बाई. हितं कोण वाजवतंय? बोटं बघा की पोरीची."

मथुरेनं ते ऐकलं. श्वास पुरत नव्हता तरी एकेक शब्द काढून म्हणाली, "आत्या, मी मुद्दाम करत न्हाय गं." मानसिंग, ह्या पोरीला जीव गुदमरत असताना आपला खरेपणा सिद्ध करत बसावं लागतं आहे.

तिथला डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं मला बाजूला घेतलं. "मावशी, हिला शरीराचं काही नाही, पण खोटंही नाही. गुरुवारी इथं मनाचे डॉक्टर येतात. त्यांना दाखवा. फक्त विचार करून न्या, त्या खोलीबाहेर बसलेलं कुणी पाहिलं तर लोक वेडी म्हणतील."

"लोक म्हणत्यात म्हणून पोरगी गुदमरू देऊ व्हय?" मी म्हटलं.

तर गुरुवारपासून तिला तिथं नेणार आहे. तुझी परवानगी मागत नाही, कळवते आहे. स्थळाचं म्हणशील तर तिला चौदावं सरलं, एवढंच. श्वास नीट घेता येत नाही त्या पोरीच्या गळ्यात मंगळसूत्र घालायची घाई मला नाही.

गोजरबाई


सोलापूर
२६ मार्च १९७४

मानसिंग,

तुझं रागाचं पत्र यायच्या आत माझं पोचावं म्हणून घाईनं लिहिते. माढ्याचे पाहुणे येऊन गेले. मुलाचा चुलता आप्पा आणि चुलती. तू मला न विचारता त्यांना माझ्या घरचा पत्ता दिलास, तर आता माझ्या घरी काय झालं तेही ऐक.

पोहे केले, मथुरेनं बशा आणून दिल्या, नाव सांगितलं, शाळा सांगितली. मुलीत काही खोट असेल तर ती अक्षता पडेपर्यंत पदराखाली झाकायची, ही आपली रीत. आप्पा म्हणाले, "पोरगी गुणी दिसती." मी म्हटलं, "गुणीच हाय. आणि तिला अधनंमधनं दम कोंडतो, आईमागं झालंय ते. दर गुरुवारी मनाच्या डॉक्टरकडं नेते. बरी हुईल, पर किती दिवसांनी ते म्या सांगू शकत न्हाय."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "हे आदी सांगाया पायजे हुतं, बाई."

"आदीच सांगितलं की. लगीन कुटं झालंय अजून?"

ते उठले. चुलतीनं जाता जाता मथुरेच्या डोक्यावरून हात फिरवला, ती बाई चांगली होती. दार लागल्यावर मी पोरीकडं बघायला धजत नव्हते. चारचौघांत तिचं गुपित मी उघडं केलं होतं. तर ती हसत होती. जत्रेनंतर पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आत्या, तोंड बघितलं का त्यांचं?" आणि आप्पांच्या बशीतले उरलेले पोहे खायला बसली.

तुझं नाक कापलं गेलं असेल, असेना का. माफी मागणार नाही.

डॉक्टरांचं सांगायचं राहिलं. गुरुसिद्धप्पा नाव, अक्कलकोटकडचे, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरतात आणि स्वतःच हसतात. त्यांची खोली क्षयाच्या वॉर्डाच्या मागं, सगळा दवाखाना तिला वेड्यांची खोली म्हणतो. पहिल्या दिवशी मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसले होते. बाजूच्या बाकावर माझ्यासारख्याच पदर ओढलेल्या दोघी. थोड्या वेळानं मीच पदर मागं टाकला, उकाडा किती होता.

डॉक्टर म्हणतात, भीतीनं श्वास फार भराभर घेतला की बोटं वाकडी होतात, जीव जाईल असं वाटतं, पण जात नाही. तिला म्हणाले, "गरम चहा बशीत ओतून फुंकर घालतेस की नाही? श्वास तसाच सोडायचा, लांब आणि हळू." आता घरी दम कोंडायला लागला की आम्ही दोघी समोरासमोर बसून रिकामी बशी फुंकतो. शेजारणी खिडकीतून बघतात. बघोत.

त्यानं दम उतरतो, पण पुन्हा येतो. मूळ निघालेलं नाही असं डॉक्टर म्हणतात.

गोजरबाई


सोलापूर
१९ एप्रिल १९७४

मानसिंग,

शिव्यांनी भरलेलं पत्र मिळालं. पुरा राग काढलास, बरं झालं. आता शांतपणे बस आणि हे वाच. आज मी शपथ मोडते आहे.

डॉक्टरांनी काल विचारलं, "क्याज्वल्टीच्या दारात हिला जास्त का होतं?" तुझी शपथ आड आली. पण मथुरा बोलली. तिला कुणी शपथ घातली नव्हती, नुसतं गप्प केलं होतं.

दुष्काळी कामावर खडी फोडताना मथुरेच्या आईला, सोनाला, ऊन लागलं, कामावरच्या ट्रकमधून तू तिला इथं आणलंस. तू रजेवर होतास म्हणून निदान आणता तरी आलं. पोर सोबत होती. दाराबाहेरच्या बाकावर तिला बसवलंस आणि म्हणालास, "हितं बस. हलू नगं. मी आलोच." आत सोनानं प्राण सोडला. मागच्या फाटकातून तिला घेऊन ट्रक गावाकडं निघाला, आणि पोर बाकावर राहिली. दिवे लागले तेव्हा ज्ञानू पळत माझ्याकडं आला, "गोजरबाई, तुमची भाची दवाखान्याच्या दारात बसलीय, हलंना गेलीय." मी गेले. ती म्हणाली, "दादा येणार हायत, हलू नगं म्हनलेत." हाताला धरून ओढत न्यावं लागलं. आम्ही गावी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आईचं तोंडही तिनं पाहिलं नाही. मग तू सगळ्यांना सांगितलंस, तिच्यापुढं सोनाचं नाव काढायचं नाही, म्हणजे पोर विसरेल. भिंतीवरचा फोटोसुद्धा काढलास.

हे तुला ठाऊक आहे. आता जे तुला आणि मला ठाऊक नव्हतं ते सांगते. ती डॉक्टरांना म्हणाली, तिच्याच शब्दांत लिहिते: "दादांनी हलू नगं म्हनलं हुतं. पर लई तहान लागली. म्या एकदाच उटले, नळावर पानी प्याले आन् परत येऊन बसले. म्या उटले म्हनून आई गेली. म्हनून दादा न्ह्याया आले न्हाईत."

दोन वर्षं हे पोटात घेऊन ती जेवली, शाळेत गेली, तुझ्या नव्या बायकोला आई म्हणाली. आणि जत्रेत तू पुन्हा म्हणालास, बस, मी आलोच.

मी तिथंच तिला पोटाशी धरलं. म्हटलं, "अगं, पानी प्याल्यानं कुणाची आई जाती व्हय?" तिनं मान हलवली, माझं मन राखायला. पटलं नाही तिला. डॉक्टर मला नंतर म्हणाले, "तुम्ही सांगून भागणार नाही. ज्यानं बसवलं त्यानं येऊन सांगायला हवं." हे मला त्यांनी सांगायच्या आधीच कळलं होतं.

तू त्या दिवशी कोणत्या अवस्थेत होतास ते मला ठाऊक आहे. तुझ्या पायात चप्पल नव्हती आणि तुला ते कळलं नव्हतं. तुला गुन्हेगार म्हणून बोलावत नाही. तिला दुसरा बाप असता तर त्याला बोलावलं असतं.

सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आहे, रजेच्या अर्जाला लाव. पलटणीत काय सांगू म्हणून लाजू नकोस, मुलगी आजारी आहे असं सांग, ते खरंच आहे. महिन्याच्या आत तुझी तारीख कळली नाही तर मी तुझ्या सुभेदार साहेबांना पत्र लिहीन. मला इंग्रजी येत नाही. मराठीतच लिहीन आणि ते पलटणीतल्या कुणाकडून तरी वाचून घेतील. मग सगळी पलटण ऐकेल. बघ बाबा, तुझं तू ठरव.

गोजरबाई


सोलापूर
१४ मे १९७४

चि. मानसिंग,

तार मिळाली. तार म्हटल्यावर गल्लीतल्या बायका रडायच्या तयारीनं जमल्या होत्या. मी हसताना पाहून हिरमुसून परत गेल्या. मला किती बरं वाटलं ते लिहीत बसत नाही, वेळ कमी आहे आणि सांगायचं बरंच आहे.

गाडीतून उतरलास की घरी येऊ नकोस. मी भाकरी करून ठेवीन पण ती नंतर. ज्ञानू स्टेशनवर उभा असेल, त्याच्या टांग्यात बसून सरळ दवाखान्यात ये. मथुरा क्याज्वल्टीच्या दाराबाहेरच्या त्याच बाकावर असेल. हे मी ठरवलेलं नाही. डॉक्टरांनी तिला विचारलं, दादा येतील तेव्हा कुठं भेटायचं, तर ती म्हणाली, तिथंच. मला वाटलं होतं तिला तिथं दम कोंडेल. कोंडेलही. डॉक्टर आत असणार आहेत, आणि मी जवळच असेन.

तू तिच्या शेजारी बस. खाऊ, बाहुली, कापड काही आणलं असलंस तर ते टांग्यातच राहू दे. तिला सगळं सांग. आई कशी गेली, किती वाजता गेली, तू मागच्या फाटकानं का गेलास. पाणी प्यायल्याचं ती बोलली तर ऐकून घे, मधे तोडू नकोस. "फौजीची पोर रडत न्हाय" हे तुझं ठेवणीतलं वाक्य पलटणीतच ठेवून ये. आणि मग तू ऊठ, तिला उठव, आणि पुढच्या दारानं तिला घेऊन बाहेर ये. मागचं फाटक नको.

आणखी एक. तुझी रजा संपेल तेव्हा गुपचूप निघायचं नाही. ती खेळत असताना नाही, झोपलेली असताना नाही, मी तिला दुकानात पाठवलेली असताना नाही. तिला घेऊन स्टेशनवर जायचं. ती रडेल, मोठ्यानं रडेल, लोक बघतील. तुला ते सोसवत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, बाबा गेले की तू दोन दिवस गोठ्यात तोंड लपवून बसायचास. पण ते तुझं तू सोस. तुला सोपं जावं म्हणून पोरीनं किती दिवस गुदमरायचं?

सोनाचा फोटो घेऊन ये. टाकून दिला नसशील, मला खात्री आहे.

तुझी अक्का


सोलापूर
११ जून १९७४

चि. मानसिंग,

तुला वाटेल, आता हिला लिहायला काय उरलं? दोन गोष्टी तुझ्या नजरेतून सुटल्या आहेत, त्या सांगते.

बाकावर बसून तू काही बोलायच्या आधी स्वतःच रडायला लागलास. मी दाराआड होते. इतकं शिकवून पाठवलं आणि गडी बसल्याबरोबर रडतो, म्हणून मला रागच आला होता. मथुरा तुझ्याकडं बघत राहिली. तिचा श्वास वाढायला लागलेला मला दिसत होता, मी पुढं होणार इतक्यात ती म्हणाली, "दादा, पानी आनू का?" आणि उठली. तू तिच्या ओंजळीतून प्यालास आणि मग बोलायला लागलास. ते पाणी तिनं त्याच नळावरून आणलं होतं, मानसिंग. त्याच बाकावरून उठून. तुला कळलं नसेल म्हणून लिहिते.

दुसरी गोष्ट स्टेशनवरची. गाडी हलली तेव्हा ती जी ओरडली ती तू ऐकलीस, पण पुढचं तू पाहिलं नाहीस. फलाटाच्या टोकापर्यंत ती गाडीबरोबर धावली आणि तिथं उभी राहून गळा काढून रडली. "दादा" म्हणून रडली, मग "आई" म्हणून रडली. हमाल ओझी खाली ठेवून बघत होते. एक बाई कांदा आहे का विचारत आली, तिला मी हाकललं. दोन वर्षांचं रडणं होतं, त्याला वेळ लागला. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "आत्या, भूक लागली." दम कोंडला नाही.

पुरती बरी झाली असं लिहून तुला फसवणार नाही. काल शाळा उघडली, त्या सकाळी पुन्हा झालं. मी बशी शोधत होते तोवर तिनं हाताची ओंजळ करून तिच्यातच फुंकर घातली, आणि उशिरानं का होईना शाळेत गेली. गुरुवार चालू आहेत. चालू राहतील, कुणी काहीही म्हणो.

सोनाचा फोटो चुलीच्या वरच्या फळीवर लावला आहे. मथुरा म्हणते, तिथं आईला धूर लागेल. मी म्हटलं, तुझ्या आईला धुराची सवय होती. मग तिनं विचारलं, "आई चिडायची का गं?" आणि आम्ही भाकऱ्या करपेपर्यंत सोनाबद्दल बोलत बसलो.

तुझी पुढची रजा कधी आहे ते ती विचारते आहे. तिला पत्र लिही, पाकिटात घालून, तिच्या नावानं. दिवाळीला जमणार नसेल तर नाही जमणार असं लिही, ती रडेल आणि जेवेल. पण जे लिहिशील त्यात तारीख घाल. नुसतं "येतो" लिहू नकोस.

तुझी अक्का,
गोजरबाई